आमचे हे

“दादा गेला,” फोन ठेवत मी म्हणालो, आणि समोर बसलेली मुलगी टाळ्या वाजवून हसली.

तिचा दोष नाही. आमच्याकडे राहायला येण्याआधीच तिने माझ्याबद्दल सगळं वाचलेलं होतं. परदेशातून मराठी शिकायला आलेली मुलं गेली बरीच वर्षं आमच्या घरी राहत आली आहेत, आणि त्यांच्या गमतीजमती बायको दर महिन्याला एका मासिकात लिहिते. त्या लेखांत मीही असतो. नाव नाही, नुसतं ‘आमचे हे’. आमचे हे चेहऱ्यावरची रेषही न हलवता थापा मारतात. अगदी पहिल्यांदा आलेल्या मुलाला मी म्हणालो होतो, पाण्याच्या टाकीत कासव आहे, नळ जरा हळू सोड. आयुष्यात एकदा काय ते बोललो. बायकोने ते असं रंगवलं की वाचकांना दर महिन्याला मीच हवासा वाटू लागलो. त्यानंतरच्या सगळ्या थापा तिच्या, खपतात माझ्या नावावर.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर मेणात दात बसवायचे, पटले नाहीत की काढायचे, पुन्हा बसवायचे. माझा चेहरा मुळातच इस्त्री केल्यासारखा आहे, त्यात विनोद कसला? पण सांगणार कोणाला? ज्यांच्यासाठी कवळ्या करतो ते डॉक्टरही मला पाहून आधी हसतात आणि मग काम सांगतात. “उद्या होणार नाही” म्हटलं तरी हसतात. बायकोला एकदा स्पष्ट सांगावं असं फार वाटायचं. पण सगळा जन्म माझ्या घरच्यांचं करण्यात गेलेल्या बाईला स्वतःचं म्हणून एवढंच मिळालेलं. जीभ रेटायची नाही.

“खरंच गेला,” मी मुलीला म्हणालो.

“कुठे गेले?” तिचे डोळे चमकत होते. थाप कुठवर जाते ते तिला बघायचं होतं.

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मग मी हसलो. भाऊ गेल्याची बातमी अजून कानात होती आणि मी त्या पोरीचा विरस नको म्हणून हसलो.

बायको कपडे वाळत घालून आत आली. “काय चाललंय दोघांचं?”

“काकू, काका म्हणतात त्यांचे दादा गेले!”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीखालचं तिला कळतं, तेवढं मान्य करायला हवं. हातातली बादली खाली ठेवून ती “अहो...” एवढंच म्हणाली. मुलीचं हसू कसं मावळलं ते मी पाहिलं नाही. मी चपला शोधत होतो.

दादाने बायकोचा एकही लेख वाचला नव्हता. “मला कशाला वाचायला हवंय? तू काय आहेस ते ठाऊक आहे मला,” म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याकडे जायचो. त्याच्या खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो, एकीवर मी, आणि दुपारभर कोणी काही बोलायचं नाही. “काहीतरी बोला की” असं म्हणणारं त्या घरात कोणी नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला ती केवढी चैन होती!

आम्ही पोचलो तेव्हा दादाला खाली निजवलं होतं. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले. माझा दादा असा दिसत नाही. त्याची कवळी मीच केली होती. ती वाटीत पाण्यात होती. मी ती धुतली, त्याच्याजवळ बसलो आणि हळूच बसवली. तोंड पुन्हा त्याचं झालं.

दाराशी बायको उभी होती. घरी परतताना मी तिला म्हणालो, “एवढं लिहू नकोस.”

“वेड लागलंय का मला?” ती म्हणाली.

तिने लिहिलं. महिनाअखेरीला, लेख पाठवायच्या आधी, नेहमीसारखं मला समोर बसवून वाचून दाखवलं. “माझ्याच्याने राहवलं नाही हो,” असं आधीच म्हणाली. आणि लिहिलं होतं फार सुंदर. धुणं, बसवणं, सगळं जसंच्या तसं. शेवटी होतं, ‘कवळी बसवून आमचे हे म्हणाले, दादा, आता तरी हस.’

“मी असं म्हणालो नव्हतो.”

“माहितीये. पण म्हणाला असतात.”

मी काहीच म्हणालो नव्हतो. दादापाशी मला कधी काही म्हणावं लागलंच नाही. तेवढं एकच माझं होतं, आणि आता लोक भेटतील ते हेच वाक्य घेऊन भेटतील. मी उठलो, न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडून रडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

दारावर हळूच टकटक झाली. “काका?”

ती मुलगी होती. त्या सकाळपासून ती घरात दबकून वावरायची. मी जेवायला बसलो की पान वाढून घेऊन खोलीत जायची.

“काका, तुम्ही अजून माझ्यावर रागावलात?” आवाज रडवेला होता. “मला समजलं नाही तेव्हा. मी वाईट मुलगी नाही.”

घरापासून इतक्या लांब आलेलं लेकरू. मी नळ बंद केला, तोंड धुतलं, टॉवेलने खसाखसा पुसलं आणि दार उघडलं.

“तुझ्यावर कशाला रागावू?” मी म्हणालो. “आरशातला माणूस बाहेर यायला तयार नव्हता. त्याला समजावत होतो, म्हणून उशीर झाला.”

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यावर काही हलत नाही अशी खात्री पटल्यावर एकदम खळखळून हसली, हसता हसता डोळे पुसायला लागली. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

आतल्या खोलीत खुर्ची सरकली.

“काय म्हणाले गं?” बायकोने हाक मारून विचारलं. “परत सांग बघू, नीट.”