कवड्या थांबला त्याचं गाणं

नांदगाव खंडेश्वरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, एकोणीसशे चौतीसच्या माघात नत्थुजींची जोडी हरली, आणि त्या दिवसापासून सूर्यभानच्या हाती कोणी पटातला कासरा दिला नाही.

सूर्यभान वलगावचा. नत्थुजी भातकुलीचे मोठे कास्तकार. त्यांची हरण्या-कवड्याची जोडी सूर्यभान सहा वर्षं पटात हाकत होता. त्या दिवशी जोडी सगळ्यांच्या पुढे होती. अर्ध्यात हरण्याचा पाय खड्ड्यात गेला आणि तो गुडघ्यावर आला. कवड्याने तशीच धाव घेतली असती तर हरण्याचा पाय मोडला असता. पण कवड्या जागच्या जागी उभा राहिला. मागून दुसरी जोडी निघून गेली.

नत्थुजी शेवटच्या टोकाला उभे होते. त्यांना तिथून एवढंच दिसलं, की जिंकत आलेली जोडी थांबली. सूर्यभानने कासरा ओढला, असं ते तिथेच सगळ्यांसमोर म्हणाले, आणि पुढे पाच गावांत म्हणत राहिले. कोणाकडून पैसे घेऊन ओढला, हे लोकांनी आपल्या मनाने जोडलं.

सूर्यभान भांडायला गेला नाही. तो भाड्याच्या गाडीने कापूस अमरावतीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, पोचवू लागला. जिनाच्या फाटकाशी गाड्यांची रांग असायची, दिवसदिवस नंबर लागायचा नाही. तिथे बसल्या बसल्या त्याने गाणं रचलं. जोडी कशी निघाली, हरण्या कसा पडला, कवड्या काय बोलला, सगळं त्यात होतं.

हरण्या पडला मातीत बापा, कवड्या थांबला जागी;
जोडी सोडून जितला पट, त्याले लावू का आगी?

डफ वाजवायला कोणी ना कोणी गाडीवाला असायचाच. गाणं पुरतं अर्धा तास चालायचं. त्यात धन्यावर एक कडवं होतं. बैलाला दिसलं ते धन्याला दिसलं नाही, डोळे असून आंधळा, असं काहीसं. त्या कडव्याला हमखास हशा पिकायचा आणि लोक ते पुन्हा म्हणायला लावायचे.

अमरावतीत रऊफभाईंचं ग्रामोफोनचं दुकान होतं. त्यांच्या भावाचा कापूस त्याच जिनात यायचा. एका सकाळी त्यांनी रांगेत ते गाणं ऐकलं आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. मुंबईची एक कंपनी अकोल्यात आठ दिवस तबकड्यांवर गाणी भरायला येणार होती. गवई ठरलेले होते, नाटकातली पदं ठरलेली होती. रऊफभाईंनी कंपनीच्या माणसाच्या मागे लागून सूर्यभानसाठी एक सकाळ मागून घेतली.

अकोल्याच्या त्या बंगल्यात भिंतींवर गाद्या टांगल्या होत्या. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं मिळतील, दोन बाजूंची सहा, असं कंपनीच्या साहेबाने सांगितलं. सूर्यभान बाहेर लिंबाखाली जाऊन बसला आणि एकेक कडवं मोजू लागला. पटाची गर्दी काढली, छकड्याचं वर्णन काढलं. हरण्या पडतो तिथे पहिली बाजू संपवायची ठरली. दुसऱ्या बाजूला अजून एक कडवं जास्त होत होतं. धन्याचं तेवढं ठेव, खपेल तर त्याच्यावरच खपेल, असं रऊफभाईंनी त्याला परोपरीने सांगितलं. तरी सूर्यभानने धन्याचं कडवं गाळलं आणि हरण्या उठून कवड्याचं अंग चाटतो ते ठेवलं.

तबकड्या आल्या त्या पोळ्याच्या आठ दिवस आधी. रऊफभाईंनी धीर करून पन्नास मागवल्या होत्या. त्या चार दिवसांत संपल्या. पोळ्याच्या आठवड्यात दुसरं गाणं कोण ऐकणार? अकोल्याच्या हॉटेलवाल्यांनी दारात ग्रामोफोनचा कर्णा ठेवला. पहिली बाजू संपली की गिऱ्हाईक चहा तसाच ठेवून ओरडायचं, उलटव लवकर, बैल मेला की वाचला? रऊफभाईंनी मुंबईला तार केली. तीनशे आल्या, त्याही गेल्या. वऱ्हाडातल्या कोणत्याच गाण्याची एवढी मागणी आली नव्हती, असं कंपनीने लिहून कळवलं. सूर्यभानची बायको पारबता बाजारात गेली की बाया तिला धरून विचारायच्या, कवड्या आता कसा आहे म्हणून.

पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी नत्थुजी दुकानात आले. आपल्या नावाने गाणं निघालंय, त्यात आपल्याला आंधळा म्हटलंय, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. आधी स्वतः ऐकायचं आणि मग वकिलाकडे जायचं, असं घरी सांगून ते निघाले होते. सूर्यभान नेमका तिथेच होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. रऊफभाईंनी मुकाट्याने तबकडी लावली.

नत्थुजींनी पहिली बाजू उभ्याने ऐकली. दुसरीला ते बाकावर बसले. हरण्या उठतो तिथे त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. सुई थांबल्यावरही ते वाट पाहत राहिले.

"अजून एक कडवं होतं म्हनतात," ते म्हणाले. "माह्यावरचं."

"होतं," सूर्यभान म्हणाला. "बसलं नाई."

"बसलं नाई का बसवलं नाई?"

रऊफभाई हळूच म्हणाले, "मी ठेवाले सांगून राहिलो होतो, नत्थुजी. यानंच काढलं."

नत्थुजी म्हणाले, "पाच गावांत मीच बोंबललो, कासरा ओढला म्हनून. आता पाच गावांत मलेच सांगा लागंन." आणि त्यांनी तबकडी मागितली. घरी वाजवणार कशावर, असं रऊफभाईंनी विचारलं, तेव्हा ग्रामोफोनची पेटीसुद्धा गाडीत ठेवायला सांगितली.

त्यांनी शब्द पाळला. गाडीत पेटी घेऊन ते गावोगाव फिरले. पाराशी बैल सोडायचे, तबकडी लावायचे आणि दोन्ही बाजू झाल्या की, चूक माझी होती, असं सरळ सांगायचे. काही ठिकाणी लोक त्यांचं ऐकायच्या आधीच तबकडी पुन्हा लावायला सांगत.

दिवाळीनंतर जोडी पुन्हा सूर्यभानच्या हाती आली. त्याच सुमारास कंपनीचं पत्र आलं, की असंच आणखी एक गाणं महिन्याभरात पाहिजे. रऊफभाई ते घेऊन वलगावला धावत आले. सूर्यभान अंगणात कवड्याच्या अंगावरून हात फिरवत होता. पत्र त्याने दोनदा वाचून घेतलं, पारबताला हाक मारून तिलाही ऐकवलं, आणि तिला हसू आवरेना तसा तोही हसू लागला.

"कंपनीले लिहा," तो म्हणाला, "आदी काही घडू तर द्या."