दाढ कोणाकडे आहे?

आमच्या मजल्यावर चार धंदे आणि एक दाढ. दाढ प्लास्टरची, पातेल्याएवढी, आत्याने हौसेने केलेली. आत्या कवळ्या बनवते. तिच्या शेजारच्या टेबलावर मी रबरी शिक्के करते. पलीकडे किल्ल्या घासणारा कुलूपवाला, आणि खिडकीशी जाहिरातवाल्यांसाठी अस्वलांचे पोशाख शिवणाऱ्या अस्वलबाई. चौघांची यंत्रं एकदम लावली की फ्यूज उडतो. म्हणून नियम असा की ज्याच्या टेबलावर दाढ, त्याचंच यंत्र चालू. बाकीच्यांनी हातकाम करायचं. दिवसभर कोणीतरी विचारत असतं, दाढ मोकळी झाली का. नवं गिऱ्हाईक हळूच आपला गाल चाचपतं.

मग मालकाची नोटीस आली. इमारत विकायची आहे, महिनाअखेर मजला रिकामा करा. आम्हा तिघांचं कुठेही भागलं असतं. आत्याचं नाही. तिच्याकडे भट्टी आहे म्हटल्यावर जागावाले आधी पाणी द्यायचे, मग दार दाखवायचे. एकवीस वर्षं तिने याच कोपऱ्यात लोकांचे दात केले आणि त्या दातांच्या जिवावर मला वाढवलं. ती मुकाट्याने कवळ्या खोक्यात भरायला लागली, तेव्हा मी म्हटलं, बास, संघटना काढायची.

संघटना त्याच दुपारी निघाली. सभासद चार, शिक्के सहा, कारण मला राहवलं नाही. अध्यक्ष कोण यावरून कुलूपवाला आणि अस्वलबाई हातघाईवर आले, तेव्हा आत्याने दाढेलाच अध्यक्ष केलं. ती सगळ्यांकडे सारखीच बसते, असं तिचं म्हणणं. मागणी एकच, पाच वर्षांचा करार. मालकाचा निरोप आला की गुरुवारी अकराला खरेदीदाराला घेऊन येतो, तेव्हा बोलू.

डाव कुलूपवाल्याचा. मजला असा धडधडता दिसला पाहिजे, की आम्हाला उठवायची कोणाची छातीच होऊ नये. आमच्या अंगात वारं शिरलं होतं. अस्वलबाई तर निदर्शनासाठी सकाळपासून अस्वलातच होत्या आणि डोकं काढायला तयार नव्हत्या. अकराला खाली मालकाची गाडी थांबली. लिफ्ट घरघरायला लागली. कुलूपवाल्याने हात वर केला आणि आम्ही चौघांनी एकदम बटणं दाबली.

भट्टी, घासणयंत्र, वाफेची इस्त्री, माझं कोरणयंत्र. चार सेकंद मजला गर्जला. मग सगळं गप्प. लिफ्टसुद्धा.

दाढ माझ्या काखेत होती.

लिफ्ट त्याच फ्यूजवर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही जिन्याने येतो. धावत जाऊन पाहिलं तर लिफ्टच्या जाळीच्या तळाशी दोन डोकी दिसत होती, एक मालकाचं.

"फ्यूज बदला लवकर," मालक म्हणाला.

"अध्यक्षांना विचारावं लागेल," आत्या माझ्या काखेकडे बघत म्हणाली.

दुसऱ्या डोक्याने विचारलं, अख्ख्या इमारतीला एकच फ्यूज आहे का. मालक म्हणाला, तात्पुरती सोय आहे.

"हो, एकवीस वर्षं," आत्या म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

खरेदीदाराला वायरिंग नवीन असल्याचं सांगितलेलं होतं. आत काय बोलणं झालं ते नीट ऐकू आलं नाही, पण ते भांडणाच्या पट्टीतलं होतं. कुलूपवाल्याने दोन मिनिटांत जाळी उघडली. अस्वलाने पंजा पुढे केला आणि दोघांना एकेक करून वर ओढलं. खरेदीदाराने अस्वलाचे मनापासून आभार मानले, तो जिना उतरला, आणि आम्हाला परत कधी दिसला नाही.

मालक आत्याच्या खुर्चीत बसला. दोन ग्लास पाणी प्यायला. मग त्याने दमलेल्या आवाजात विचारलं, ही जागा आता दुसरं कोण घेईल असं तुम्हाला वाटतं. आम्ही चौघांनी प्रामाणिकपणे विचार केला. कोणीच सुचलं नाही.

कुलूपवाल्याने फ्यूज बदलला. करारावर पाच सह्या झाल्या आणि सहाही शिक्के पडले. पंख्याने कागद उडू नये म्हणून मी वर दाढ ठेवली.

आत्या खोक्यातून कवळ्या काढून परत फळीवर मांडत होती.

"झालं ना तुमचं?" ती म्हणाली. "मग दाढ इकडे दे गं. भट्टी लावायचीय."