अंगण वाकडं

दाजींचा ट्रक गॅरेजात आला की शहाण्यासारखा वागायचा. चावी फिरवली की चालू, आवाज एकसारखा, धुराचा पत्ता नाही. घरी मात्र रोज सकाळी त्याचं नाटक सुरू व्हायचं. स्टार्टर नुसता कण्हत राहायचा. डिझेल ओढायचा हातपंप मारून मारून खांदे भरून आले की कसाबसा पेटायचा, पांढरा धूर ओकत, अडखळत, थरथरत चालायचा आणि थोड्या वेळानं जसं काही घडलंच नाही. हल्ली तर काही सकाळी तेवढंही करत नव्हता.

मिस्त्रीनं डिझेलचा फिल्टर बदलला, बॅटरी तपासली, पंप बघितला. दोनदा "काही झालेलं नाही" म्हणून त्यानं दाजींना परत पाठवलं. दाजी तिसऱ्यांदा आले ते कंत्राटदाराची बोलणी खाऊन. पुन्हा उशीर झाला तर माल दुसऱ्याच्या गाडीत जाणार होता.

"आमच्या दारातच चालू होत नाही, मिस्त्री. एकदा घरी येऊन बघा की."

"नाचता येईना अंगण वाकडं," मिस्त्री म्हणाला.

दाजी हे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि घोडं पेंड खात होतं ते तिथंच. बहिणीच्या घरी त्याचे वडील राहत होते. हे गॅरेज वडिलांनीच उभारलेलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. लांब पेचकस इंजिनाला टेकवायचे, त्याची मूठ कानाशी धरायचे आणि दुखणं सांगायचे. दोन वर्षांपूर्वी असंच त्यांनी एका गाडीचं डिझेल फवारणारं नोझल बिघडलंय म्हणून सांगितलं, आणि मिस्त्री गिऱ्हाइकांनी भरलेल्या गॅरेजात मोठ्यानं म्हणाला, "नोझल नाही बाबा. कान गेलेत तुमचे. तुम्ही बसा आता."

नोझल नव्हतंच. पोरगं बरोबर होतं, आणि सगळी पंचाईत तीच होती. चूक असतं तर माफी मागून मोकळं झालं असतं. म्हाताऱ्यानं पेचकस खिळ्याला अडकवला, हात धुतले आणि मुलीकडे निघून गेला. तेव्हापासून आधी कोण येतो याची दोघंही वाट बघत होते. बाप तसा बेटा म्हणतात ते उगाच नाही.

पण दाजींच्या पोटावर पाय येत होता. त्यामुळे मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन निघाला. अंगणात जायचं, घरात नाही, असं त्यानं ठरवलं होतं. घर वेगळं आणि अंगण वेगळं, हे त्यानं वाटेत स्वतःला बऱ्यापैकी पटवलंही.

ट्रक घराकडे तोंड करून अंगणात उभा होता आणि चालू व्हायला तयार नव्हता. तमाशा बघायला समोरचा न्हावी बाहेर आला होता, आणि त्याच्यामागून त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, गळ्यात टॉवेल तसाच.

आधी विचारायचं, मग उघडायचं, हा उस्तादांचा पहिला धडा. मिस्त्रीनं पेटी खाली ठेवली.

"दाजी, हे कधीपासून होतंय?"

"झाला असेल दीडेक महिना."

"तेव्हा काय बदललं?"

"काही नाही हो. तेच डिझेल, तीच टाकी."

मिस्त्रीनं अंगणाकडे पाहिलं. घरापासून रस्त्यापर्यंत चांगलाच उतार होता. "ट्रक पहिल्यापासून असाच लावता?"

दाजी उगाच टायरकडे बघू लागले. उंबऱ्यात ताई ओले हात घेऊन उभी होती, तिनं उत्तर दिलं.

"नाही. आधी मागे घेऊन लावायचे. तोंड रस्त्याकडे."

"मग उलटा का केला?"

"सगळा धूर या खिडकीतून आत जायचा. बाबांना सोसत नाही. छातीच्या दुखण्यानं धरलंय त्यांना. आताशा उठवतही नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगू नका म्हणाले होते," ताई म्हणाली. "आणि तू कधी विचारलंस?"

मिस्त्रीला दोन्ही दुखणी एकदमच कळली. त्यातलं एक आपल्या हातानं दुरुस्त होण्यासारखं होतं, म्हणून तो आधी त्याच्याकडे वळला.

गोष्ट साधी होती. तोंड चढाला असलं की इंजिन वर आणि टाकी खाली. पाईप कुठेतरी हवा घेत असणार. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरायचं आणि सकाळी पंपाला मिळायची नुसती हवा. तोंड उताराला होतं तोवर दोष झाकून राहिला, आणि गॅरेजची जमीन तर सपाटच. अंगण खरंच वाकडं होतं. टाकीजवळच्या रबरी पाईपला, क्लिपच्या खालीच, केसाएवढी चीर सापडली. मिस्त्रीनं तेवढा तुकडा कापून खिशात टाकला, पाईप पुन्हा घट्ट बसवला आणि हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.

"मारू स्टार्टर?" दाजींनी विचारलं.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. त्यानं हात पुसले, चपला काढल्या आणि तो आत गेला.

उस्ताद खिडकीशी कॉटवर पडले होते. दोन वर्षांत माणूस निम्मा झाला होता. मिस्त्रीला बोलायचं बरंच काही होतं, पण त्यातलं एक वाक्य धड जुळेना.

"बाबा, दाजींचा ट्रक सकाळी चालू होत नाही. तुम्ही इथून रोज ऐकताय. काय वाटतं?"

म्हाताऱ्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. "मला कशाला विचारतोस? माझे कान गेलेत ना?"

"आधी विचारायचं, असं तुम्हीच सांगायचात."

उस्तादांनी डोळे मिटले. दीड महिन्याच्या सकाळी आठवत असावेत. "नोझल," ते म्हणाले. "तिसरं."

मिस्त्रीचा हात खिशातल्या रबराच्या तुकड्यावर होता. "बघतो," असं म्हणून तो बाहेर आला.

त्यानं बॉनेट उघडलं, पान्हा घेतला आणि तिसऱ्या नोझलचा नट सैल केला. पान्हा लोखंडावर चांगला वाजवला. खिडकी दोन हातांवरच होती. मग तोच नट होता तसा आवळला.

"अहो, पण पाईप..." दाजी म्हणाले.

"दाजी, स्टार्टर मारा."

ट्रक पहिल्याच फेऱ्याला पेटला. जरासा खोकला आणि मग एका लयीत चालू लागला. न्हाव्यानं मान डोलावली. थोड्या वेळानं खिडकीत ताई आली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा विचारतायत, नोझलच होतं ना?"

इंजिनाचा आवाज मोठा होता. मिस्त्रीनं त्याहून मोठा आवाज लावला. खिडकीतून आत, रस्त्यापलीकडे न्हाव्याला आणि त्या अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल असा.

"नोझलच होतं, बाबा. तिसरं. माझ्या लक्षात आलं नव्हतं."