घड्याळजींनी आवळलेले हँडल

मी एक जुनी, लांब पल्ल्याची मोटरसायकल आहे. मित्रांनो, मी स्वतःला 'जुनी' म्हटलेले चालते. दुसऱ्या कुणी म्हटले की माझा पारा चढतो. माझ्या बरोबरीच्या कितीतरी गाड्या भंगारात गेल्या आणि मी अजून पहिल्या बटणाला सुरू होते, एवढे आधी ऐकवते आणि मग पुढचे सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रुबाब पाहण्यासारखा होता. रुंद सीट, पोटभर पेट्रोल मावेल अशी टाकी, दोन्ही बाजूंना पेट्या अडकवायची सोय. माझा पहिला मालक रस्त्यांची मोजणी करणारा एक हडकुळा माणूस होता. एकटा जीव. दुकानदाराने माझ्या मागच्या स्प्रिंगा त्याच्या वजनाला जुळवून दिल्या. हे जरा लक्षात ठेवा. त्याच्याबरोबर मी नऊ वर्षे हिंडले. पेट्रोल पंपावर लोक थांबून मला न्याहाळायचे आणि मी आपली दुसरीकडेच बघते आहे असे दाखवायचे. मग त्याने चारचाकी घेतली. पुढची तीन वर्षे मी ताडपत्रीखाली काढली. तेवढ्या काळात माझी विचारपूस एका कोळ्याने केली, आणि तीही जाळे विणण्यापुरती.

तिथून मला घड्याळजींनी सोडवले. मनोऱ्यांवरची मोठी घड्याळे दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. शाळा, बाजार, इस्पितळ, स्टेशन, जिथे उंचावर घड्याळ असेल तिथे ते जातात आणि त्यांची बायकोही बरोबर जाते. तिला सगळे 'बाई' म्हणतात, म्हणून मीही म्हणते. घड्याळजींना आताशा कमी ऐकू येते. चक्राचा झिजलेला दात त्यांना डोळ्यांनी दिसतो, पण घड्याळ लंगडते आहे की नीट चालते आहे हे कानालाच कळते, आणि ते कान बाईंचे. त्या मनोऱ्यात डोळे मिटून उभ्या राहतात आणि सांगतात, "अहो, डावीकडे जाताना अडखळतंय." की घड्याळजींचे हात चालू. बाईंवाचून त्यांचे पान हलत नाही.

हेल्मेट घातल्यावर या दोघांना बोलता येत नाही. त्यावर बाईंनी आपली एक रीत काढली आहे. काम मनासारखे झाले की परतीच्या वाटेवर त्या घड्याळजींच्या खांद्यावर एका बोटाने त्या दिवशीच्या घड्याळाचा ठोका देत राहतात. टक, टक, टक. सीटमधून तो मलाही जाणवतो. मला तो फार आवडतो, हे मी कधी दाखवले नाही.

घड्याळजी माझी काळजी घेत नव्हते असे नाही. घेत होते, पण घड्याळजींसारखी! घड्याळात तेल थेंबाने घालतात, म्हणून माझ्या पुढच्या पायांतले, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांतले तेल त्यांनी सात वर्षांत एकदाही बदलले नाही. वर शेजाऱ्यांना सांगायचे, "जास्त तेल म्हणजे मशीनची वाट." बाईंना वारा लागू नये म्हणून त्यांनी पुढे डोक्याच्याही वर जाणारी काच बसवली. बाईंना पाठ टेकायला भक्कम आधार हवा, म्हणून पाने, हातोडे, लोखंडी वजने असे सगळे जड सामान मागच्या उंच पेटीत कोंबले. मायेपोटीच केले होते सारे, तक्रार तरी कशी करणार? माझा मागचा भाग बसत चालला आणि पुढचे चाक हलके पडत चालले.

मग एके दिवशी बाई म्हणाल्या, "मगाशी हँडल जरा हललं का हो?" घड्याळजींनी हँडल धरून पाहिले. केसभर सैल होते. घड्याळजींना सैलपणा खपत नाही. त्यांनी पाना घेतला आणि हँडलखालचा नट आवळला, मग आणखी आवळला. "आता बघ. तसूभर हलणार नाही!" असे म्हणून हात पुसले. मित्रांनो, वाऱ्याने ढकलले की आमचे पुढचे चाक आपले आपण किंचित वळते आणि तोल सावरते. माझी ती सोयच त्यांनी बंद करून टाकली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही खाडीवरच्या लांब पुलापलीकडे गेलो. जाताना वारा पडलेला होता. तिथल्या बाजाराचे घड्याळ दुरुस्त झाले, महिन्याने पुन्हा तपासायला येतो असे सांगून दोघे निघाले. परतताना पुलावर वारा सुटला होता. वाऱ्याच्या बाजूला, आमच्या शेजारून एक ट्रक चालला होता, तोवर त्याचा आडोसा होता. खांद्यावर बोट टकटक करत होते. ट्रक पुढे सरकला आणि वाऱ्याने त्या मोठ्या काचेवर आणि उंच पेटीवर एकदमच धक्का दिला. मी कठड्याकडे फेकले गेले. घड्याळजींनी घाबरून हँडल आणखी घट्ट धरले. मला सावरता येईना, मी डावीकडे-उजवीकडे हेलकावे खात राहिले. कठडा हातभर उरला होता. खांद्यावरचे बोट थांबले होते.

कसेबसे पुलाचे टोक गाठले. बाई उतरल्या. हेल्मेटचा पट्टा त्यांना सुटेना. "मी हिच्यावर पुन्हा बसणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीही बसू नका." उरलेला रस्ता त्या दुधाच्या टेम्पोतून गेल्या.

मला फार लाज वाटली. आजवर मी कुणाला पाडले नव्हते.

त्यांची लेक फोनवर म्हणाली, "बाबा, म्हातारी झाली ती. विकून टाका आता." मी खिडकीखालीच उभी होते. एरवी माझा पारा चढला असता, पण त्या दिवशी मलाही ते खरेच वाटले. बसने जायचे तर ती लोखंडी वजने कोण चढवणार, आणि निम्म्या गावांना बसच जात नाही. घड्याळजी एकदा जवळच्या शाळेच्या मनोऱ्यावर एकटे गेले. थोड्याच वेळात खाली आले, माझ्या सीटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "काही ऐकूच येत नाही गं." त्या दिवशी मला कळले की बाई माझ्यावर बसल्या नाहीत तर मी जाईनच, पण या दोघांचे कामही जाईल.

घड्याळजी मला विकायला निघाले, तेही सरळपणे. घेणाऱ्याला फसवायचे नाही, म्हणून आधी खोट काढून घ्यायला मला गॅरेजात नेले. तिथली मिस्त्री चाळिशीची आहे. गळ्यात सदा मोजायची टेप, म्हणून सगळे तिला 'शिंपीण' म्हणतात. ती म्हणाली, "काकूंना घेऊन या. सामान पण आणा, रोज नेता तेवढं सगळं." बाई आल्या, पण बसायला तयार होईनात.

"काकू, गाडी स्टँडवरून काढते, पण पकडून मी उभी आहे. ती कुठं पळतेय?"

दोघे बसले. शिंपिणीने टेप लावली, मी किती खाली बसते ते मोजले आणि कपाळाला हात लावला. "अहो काका, या स्प्रिंगा अजून कुठल्या तरी हडकुळ्या माणसाच्या मापाच्या आहेत!" मी मनात म्हटले, चला, कुणाला तरी कळले. मग तिने माझ्या पुढच्या पायांतले तेल काढले. काळेकुट्ट पाणी निघाले आणि गॅरेजभर वास सुटला. शेवटी तिने हँडल वळवून पाहिले.

"हे कुणी आवळलं?"

"मी!" घड्याळजी छाती फुगवून म्हणाले. "तसूभर हलत नाही."

"तेच तर झालंय. काका, लंबक घट्ट बांधून ठेवला तर तुमचं घड्याळ चालेल का?"

घड्याळजींचे तोंड पाहण्यासारखे झाले. बाईंना हसू फुटले, आणि मग तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, गाडीला पण घड्याळ समजलात आणि धड घड्याळासारखं वागवलंतही नाही!"

घड्याळजींनी विकण्याचा बेत तूर्त बाजूला ठेवला. शिंपिणीने चार दिवस घेतले. मागे नवे शॉकअब्सॉर्बर आले, ते दोघांच्या आणि सामानाच्या वजनाला जुळवले. पुढे नव्या स्प्रिंगा आणि ताजे तेल. हँडलचे खड्डे पडलेले बेअरिंग बदलले आणि नट हवा तेवढाच आवळला. काच कापून वीतभर खाली आणली. जड सामान बाजूच्या पेट्यांत खाली गेले, वरच्या पेटीत फक्त रेनकोट उरले. टायरमधली हवाही मापात केली. निघताना ती घड्याळजींना म्हणाली, "हँडल पकडायचं नाही, नुसतं धरायचं. कोपर सैल. वारा आला तर तिला जरा वळू द्या, ती सावरते."

पलीकडच्या बाजाराचे घड्याळ तपासायची तारीख आली. "पुलापर्यंत येते. पुढचं तिथं बघू," असे म्हणून बाई बसल्या.

पुलाच्या तोंडाशी वारा दाखवणारी कापडी पिशवी आडवी ताणली होती. घड्याळजींनी मला थांबवले आणि मान मागे वळवली. इंजिन चालू ठेवले होते, पण मी शक्य तेवढी हळू गुरगुरत होते. बाई बराच वेळ त्या पिशवीकडे पाहत होत्या. मग त्यांनी घड्याळजींच्या खांद्यावर दोनदा थापटले. निघा.

अर्ध्या पुलावर एक ट्रक आला, त्याचा आडोसा आला आणि गेला. धक्का बसला. माझे पुढचे चाक किंचित वळले, मागचे पाय दबले, आणि मी सरळ झाले. एवढेच. घड्याळजींचे कोपर सैल होते. मी माझ्या लेनमध्ये होते, कठडा आपल्या जागी होता. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग सीटमधून आले. टक, टक, टक. बाजारातल्या घड्याळाचा तोच ठोका, महिन्यापूर्वी याच पुलावर अर्धवट राहिलेला.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी जुने असेल. ते अडखळले तर दोष लगेच वयाच्या माथी मारू नका. त्याच्यावर किती वजन टाकले आहे, त्याच्यात तेल शेवटचे कधी घातले होते, आणि त्याला कुठे कुणी मायेने फारच आवळून ठेवले आहे का, हे आधी बघा. मी आता बाजाराच्या मनोऱ्याखाली उभी आहे. वर बाई डोळे मिटून ऐकत असतील. घड्याळ नीट चालले आहे, मला इथूनही कळते आहे. परतताना पुन्हा वारा असेल. असू दे.