त्याच ठशावर ठसा

या कामातून वन्संना मिळण्यासारखं फार थोडं होतं. कौतुक वहिनीचं, नाव वहिनीचं, मिळकतही वहिनीचीच. वन्संच्या वाट्याला येणार होता तो फक्त 'कामाचं माणूस' हा हुद्दा, आणि तो त्यांना हवा होता. पोस्टातून निवृत्त होऊन भावाकडे, दादा-वहिनींकडे, राहायला आल्यापासून आठ महिने त्या एकच वाक्य ऐकत होत्या: "तुम्ही बसा हो निवांत." चौतीस वर्षं शिक्के मारलेल्या बाईला निवांत बसवलं, की तिचा हात रात्री झोपेतसुद्धा उशीवर टकटक करतो.

संधी आली ती वहिनीच्या मनगटावरून. वाचनालयाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त जुन्या सभासदांना द्यायची साठ शुभेच्छाकार्डं तिने करायला घेतली आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यात घसरून उजवा हात गळ्यात बांधून बसली.

"ठसे मी मारते," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, हे पोस्टाचं पाकीट नाही. आपटायचं नसतं. टेकवायचं, दाबायचं, सरळ उचलायचं."

"रोज दोन हजार मारलेत, वहिनी."

"म्हणून तर भीती वाटते."

"हिचा शिक्का बसला," वर्तमानपत्राआडून दादा बोलला, "की पाकिटातलं पत्र दचकायचं."

पण दुसरा हात होता कुठे? वहिनीने गडद निळी कार्डं पुढे केली. रबरी ठशावर उघडं पुस्तक आणि त्यावर बसलेला पक्षी. शाई बिनरंगी, चिकट. ठसा उमटला की ओल्यावरच सोनेरी पूड भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनच्या गरम हवेने उरलेली वितळवायची. मग चित्र कागदावरून वर उठून येतं, बोट फिरवलं तर पक्ष्याचं पीस न् पीस हाताला लागतं. वन्संनी टेकवायचं, वहिनीने डाव्या हाताने पूड टाकायची, अशी अडतीस कार्डं सुरेख झाली.

मग वहिनी पट्टी बदलून घ्यायला दवाखान्यात गेली आणि वन्संच्या हाताला चौतीस वर्षं आठवली. उरलेल्या बावीस कार्डांवर त्यांनी सहा मिनिटांत ठसे उरकले, ओळीने मांडले आणि कौतुकाची वाट बघत बसल्या. वहिनीला यायला तास लागला.

"पूड कुठाय?"

"पूड मग एकदम टाकू. आधी ठसे उरकून घेतले."

वहिनीने पहिल्या कार्डावर पूड टाकून कार्ड तिरकं केलं. सगळीच्या सगळी पूड घसरून खाली. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच.

पोस्टात शाई झटकन वाळली की साहेब खूश. इथे ती ओली आहे तोवरच तिला किंमत, हे वन्संना कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यांना कुणी काही सांगावं अशी त्यांनी सोयही ठेवली नव्हती. कोरं निळं कार्ड एकच शिल्लक होतं. दुकानदार फोनवर म्हणाला, नवी यायला पंधरा दिवस लागतील. कार्डं द्यायची होती उद्या दुपारी.

"अडतीसच देऊ," वहिनी म्हणाली. "सांगू, माझा हात दुखावला म्हणून." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर वन्संना बरं वाटलं असतं.

वन्संनी एक कार्ड उचलून खिडकीशी तिरपं धरलं. वाळलेला ठसा निळ्यावर जरा गडद दिसत होता.

"याच्यावरच परत मारते."

"केसभर सरकला तरी मागे काळी सावली दिसेल. मला तर कधीच जमलं नाही."

"तुला कशाला जमेल? रजिस्टर पाकिटावर तारीख अर्धी उमटली, की दुसरा शिक्का त्याच वर्तुळात बसवायचे मी. जोड कुणाला दिसली नाही कधी."

वन्संनी बांगडी काढली, खुर्ची मागे सारली आणि काउंटरला उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. कोपर अंगाशी. ठसा खाली गेला. आवाज नाही, धक्का नाही. वहिनीने लगेच पूड टाकली, झटकली, हीट गन धरली. पूड क्षणभर मातकट राहिली आणि मग एकदम चकाकली. पक्षी उठून आला. वहिनीने चष्मा लावून सावली शोधली. सापडेना.

नवव्या कार्डाला दादाचं वर्तमानपत्र खाली आलं. बाराव्याला तो कार्डं हातात आणून देऊ लागला. सतराव्याला वन्संनीच एक बाजूला टाकलं.

"का? छान तर आहे," वहिनी म्हणाली.

"शेपटीखाली बघ. सावली आहे. हे माझ्या हातून जायचं नाही."

त्याच्या जागी शिलकीतलं कोरं कार्ड आलं आणि साठ भरली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात, तिघांसमोर, ग्रंथपाल बाईंनी एकेक कार्ड बोटाने चाचपलं. "हात गळ्यात, मग हे कसं केलंत?"

"ठसे वन्संचे," वहिनी म्हणाली. "एकवीस तर दोनदा मारलेले आहेत. ओळखा बघू."

बाईंनी भिंग आणलं, दिव्याखाली धरलं, शेवटी हात टेकले. आणि वन्सं तिथेच, दाराशी, पोस्टात बढती मिळाली तेव्हाही उभ्या राहिल्या नव्हत्या इतक्या ताठ उभ्या होत्या.

"मग मागे नाव एकीचंच का?" बाईंनी कार्ड उलटून विचारलं.

वहिनीने क्षणभर ओठ मुडपले. कार्डांच्या कामात नाव कमवायला तिला सहा वर्षं लागली होती. मग तिने दादाकडे पेन सरकवलं. अक्षर त्याचं बरं होतं, आणि वन्संच्या शिक्क्याला हसलाही तोच होता.

तेव्हा कोणी काय भरलं ते असं. वन्संनी एक कार्ड आणि तासाभराची मान खाली. दादाने 'आणि वन्संच्या हातचं' साठ वेळा लिहिलं, न कुरकुरता. सगळ्यात महाग पडलं ते वहिनीला: आपल्या नावाचा अर्धा भाग. तो तिने सगळ्यांदेखत, रोख दिला.