फोनवेळेची सिगारेट

बुकिंगकाकांच्या उजव्या फुप्फुसातली गाठ काढायला चार आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. अट एकच होती. आदल्या दिवशी लघवीच्या तपासणीत तंबाखूचा अंश सापडला, तर ती तारीख दुसऱ्या रुग्णाला जाणार आणि काकांचा नंबर दोन महिन्यांनी लागणार. गाठ तेवढी थांबेल, असं सर्जन म्हणाले नव्हते.

काका बत्तीस वर्षं ट्रकच्या कंपनीत बुकिंग क्लार्क होते, त्यावरून हे नाव पडलं. त्यांची सिगारेट सोडवायचं काम ताईंकडे आलं. ताई पूर्वी नर्स होत्या. आता रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, फायलींच्या कपाटामागे बसून त्या चाळीस कॅन्सर रुग्णांना फोन करत.

काकांना आठवड्याला दोन फोन ठरले. गोळ्या सुरू झाल्या आणि रोजच्या वीस सिगारेटी दहा दिवसांत आठवड्याला दोनवर आल्या. पुढे मात्र त्या दोन हटेनात. अशा वेळी फोन वाढवायचे, हा नियम. ताईंनी चार केले.

"काका, या आठवड्यात किती?"

"चार. खोटं कशाला बोलू?"

"केव्हा ओढता?"

"ओढतो कधीतरी. चौकीत जबानी दिल्यासारखं वाटतं हो, ताई!"

ताईंनी कागदावर चार लिहिलं आणि फोन रोजचा केला. तारखेला नऊ दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी काका अंघोळीला गेले होते. फोन काकूंनी उचलला.

"थांबा, पाच मिनिटांत येतील. काडेपेटी काढून ठेवते."

"काडेपेटी कशाला?"

"तुमचा फोन आला की एक ओढतात ना! गॅलरीत उभं राहून. एरवी हातसुद्धा लावत नाहीत."

ताईंनी कागद पाहिला. दोन फोन, दोन सिगारेटी. चार फोन, चार.

"काकू, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्हीच एकेक देताय. हळूहळू सोडवायला. डोस असतो तसं."

तेवढ्यात काका आले. त्यांनी लपवाछपवी केली नाही. "एका हातात फोन असला की दुसरा रिकामा राहत नाही, ताई. बत्तीस वर्षांची सवय. ट्रक कुठे अडकला ते विचारायचं आणि झुरका मारायचा. तुम्ही ट्रकचंच विचारताय असं वाटतं."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," काकू मागून म्हणाल्या.

फोन बंद करणं सोपं होतं. पण सलग दोन फोन चुकले की रुग्णाने उपचार सोडला, असं धरून फाईल बंद व्हायची आणि तसं पत्र सर्जनकडे जायचं.

"काकू, फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावता येईल?"

"येईल की. आणि हे समोर लसूण सोलत बसतील. दोन्ही हात गुंतले पाहिजेत ना?"

"तीनशे गाड्या हलवल्यात मी!" काका म्हणाले. "आता लसूण?"

"गाड्या ड्रायव्हरने हलवल्या. तुम्ही खुर्चीवर होतात. बसा."

पुढचे सात दिवस फोन याच पद्धतीने झाले. पहिल्या दिवशी काका दोनदा उठले. खुर्ची सरकल्याचा आवाज ताईंना ऐकू आला, पाठोपाठ काकूंचाही. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता काका मध्येच म्हणाले, "आत्ता फार हवीशी वाटतेय." ताई सात मिनिटं फोनवर थांबल्या. काकू लसूण मोजत होत्या.

आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला अहवाल आला. ताईंनी तो दोनदा वाचला आणि मग नंबर फिरवला.

"काका, तंबाखूचा अंश नाही. उद्याची तारीख तुमचीच."



"किती वाजता यायचं?" काकांनी विचारलं.

"सात वाजता. उपाशीपोटी."

"बरं," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "ताई, शुद्धीवर येतो ना माणूस?"

"येतो," ताई म्हणाल्या. "आज रात्री नीट जेवून घ्या."