पोटातलं पाणी

"ह्ये काय टोचलंसा मला?"

आबांनी हात पुढं केला. सुई टोचली होती तिथं बघता बघता लालभडक गांधी उठली होती. डॉक्टर मात्र खूश दिसले.

"मेंढीच्या कलेजीवर पाण्याच्या पिशव्या असतात ना, त्यातलं पाणी. गाळून घेतलेलं. तुमच्या पोटात तसलीच गाठ आहे, एका किड्यानं केलेली. त्या किड्याशी झुंजायला तुमचं रक्त तयार झालंय, म्हणून अंगानं ते पाणी लगेच ओळखलं. गाठ दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. फुटली तर हेच रक्त अंगभर उसळेल. ऑपरेशन करू."

"पन ही आली कुठनं?"

"कुत्र्याच्या घाणीतून. त्या पिशव्या खाल्ल्या की कुत्र्याच्या पोटात किडे होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या हाताला लागतात."

शेजारी उभ्या लेकीनं, हरणानं, पदर नाकाला लावला. माधवनगरच्या शाळेत शिकवायला लागल्यापासून तिला वाडीवरचं खाणं नकोसंच व्हायचं. देवाला मेंढरू कापलं की त्या लिबलिबीत पिशव्या आबा कुत्र्यापुढं टाकायचे, त्याला थोपटायचे आणि त्याच हातानं तिला भाकरी मोडून द्यायचे.

आबांना किळस आली ती वेगळ्याच गोष्टीची.

"मेल्या मेंढराचं पानी माज्या अंगात घातलं? थू! रोग न्हवता, तुमीच घातलासा!"

"आबा, ऐका जरा. ऑपरेशन करून घ्या."

"पोट फाडून घ्याया मी काय बोकड हाय व्हय?"

सांगलीहून ते त्याच दुपारच्या एस्टीनं आटपाडीकडं निघून गेले.

रविवारी हरणा वाडीवर गेली, ती त्यांना परत न्यायचंच असं ठरवून. आबा अंगणात घोंगड्यावर उताणे पडले होते. शेजारी तिचा चुलता भाऊसो दाभण घेऊन बसला होता. फुगलेल्या मेंढराच्या कुशीत दाभण खुपसून वारं काढावं तर त्यानंच, असं सगळी वाडी म्हणायची. आबांच्या बरगडीखालून पाणी उडत होतं. घोंगडं, धोतर, भाऊसोचे हात, सगळं चिकट ओलं.

"भाऊतात्या, काय केलंसा ह्ये?"

"बघ की पोरी, कसं निवळ पानी! फुकट सांगलीला हेलपाटं."

"लय हलकं वाटतंय गं," आबा हसले. मग त्यांनी मान खाजवली.

मानेवर गांधी उठली. मग छातीवर, पोटावर, पापण्यांवर. ओठ वांग्यासारखे फुगले. डोळे मिटले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"गाडी जुपा रं!" हरणा ओरडली.

बैल सोडून आणेपर्यंत तो आवाज थांबला होता.

अंधार पडायच्या आत आबांची माती उरकली. माणसं पांगली. भाऊसो तेवढा दगडावर बसून राखेनं हात घासत होता. बोटांची सालं निघाली होती.

"वास जात न्हाई गं, हरणा."

त्या पाण्याला वास नव्हताच. हरणाला त्याच्या हातांकडं बघवत नव्हतं. तिनं तांब्या भरला, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्या हातांवर बारीक धार धरली.